उजेड दाखवतोस, वीज अडवतोस

ओलेइलअमाइन यास,
मुक्काम : सीझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकाचा पृष्ठभाग

नमस्कार घालायची इच्छा नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गेली दहा वर्षं तुझं कौतुक फार झालं. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली ओळीने मांडलेल्या कुप्या, निळ्यापासून लालपर्यंत झगझगणारे रंग, असे फोटो जगभरच्या विज्ञान नियतकालिकांतून झळकले. प्रत्येक कुपीत पेरोव्स्काइटचे नॅनोस्फटिक होते आणि प्रत्येक स्फटिकाच्या अंगावर तू होतास, सोबत तुझा जोडीदार ओलेइक आम्ल होता. त्या उजेडाचं श्रेय तुम्ही दोघांनी निमूट पदरात पाडून घेतलंत. आता विजेचा हिशेब दे. स्फटिकाच्या आत तयार झालेला विद्युतभार बाहेर येतो तेव्हाच त्याची वीज होते आणि तो बाहेर यायच्या वाटेवर तू बसला आहेस. चोरी लख्ख उजेडात चालली आहे, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मी अंबरनाथचा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा रसायनांवर जगलेला आहे. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना आमच्या अंबरनाथला उभा राहिला. उल्हासनगरला लागून शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे, बदलापूरच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल तयार होतो. इथे रिॲक्टर, ड्रायर, बॅच, शिफ्ट हे शब्द लहान पोरांच्याही कानावरून गेलेले असतात. त्यामुळे एखादं रसायन मोठ्या घरात, मोठ्या नावाने वावरू लागलं तरी आम्ही आधी त्याचं कुळ विचारतो.

तुझं कुळ तेलकट. अठरा कार्बनची लांब शेपटी, मधोमध एक दुहेरी बंध आणि त्यामुळे शेपटीला आलेला बाक, डोक्याशी नायट्रोजन. तुझ्या जोडीदाराची शेपटी अगदी तशीच, फक्त डोक्याशी आम्लाचा गट. साबणात, वंगणात, कापडाच्या सॉफ्टनरमध्ये तुमचे भाऊबंद पिढ्यानपिढ्या काम करत आले आहेत. उल्हासनगरच्या जीन्सवाल्याला तुझी खोड समजावावी लागणार नाही. धुलाईच्या शेवटच्या पाण्यात तो सॉफ्टनर घालतो. त्याचं धनभारित डोकं सुती धाग्याला चिकटतं, तेलकट शेपट्या बाहेर राहतात आणि कडक कापड हाताला मऊ लागतं. तेच सॉफ्टनर टॉवेलला जास्त झालं की टॉवेल दिसायला गुबगुबीत होतो आणि अंगावरचं पाणी टिपत नाही. स्फटिकावर तू हेच केलं आहेस. रूप दिलंस आणि काम बंद पाडलंस.

आता तुझी सगळी हकिकत मांडतो, कारण आरोप पुराव्यानिशी केलेला बरा.

पेरोव्स्काइट हे मूळचं एका खनिजाचं नाव. १८३९ साली ते उरल पर्वतात सापडलं. त्याच घडणीचे, पण शिसं आणि हॅलाइड असलेले पदार्थ २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने सौरघटात वापरले. तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. २०१५ साली झुरिकमध्ये माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने सीझियम लेड हॅलाइडचे इवले घन बनवले, कडा ४ ते १५ नॅनोमीटरच्या. तुझा प्रवेश इथला. लेड ब्रोमाइड ऑक्टाडिसीन या विद्रावकात नुसतं विरघळत नाही, म्हणून तुम्हा दोघांना बोलावलं. हवा काढलेल्या फ्लास्कमध्ये मिश्रण दीडशे अंशांच्या वर तापवायचं, सिरिंजने सीझियम ओलिएट एकदम आत सोडायचं, डोळ्यांदेखत द्राव पिवळट हिरवा होतो आणि पाचेक सेकंदांत फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. त्या पाच सेकंदांत घन वाढतात आणि त्यांची वाढ आवरायचं काम तू करतोस. एवढं काम तू चोख केलंस. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्याच वर्षी पुण्याला पाषाणच्या आयसर संस्थेत अंगशुमन नाग यांच्या गटाने हे घन तपासून दाखवलं की त्यांचा प्रकाश जुन्या क्वांटम डॉटपेक्षा काही बाबतीत सरस आहे. जुन्या डॉटना बाहेरून दुसऱ्या पदार्थाचं कवच चढवावं लागे. यांना ते लागलं नाही. पुढे २०१७ साली याच गटाने तुझी जागाच शोधून काढली. सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण, एनएमआर आणि संगणकावरची गणितं अशी तिन्ही बाजूंनी चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला तो तुझ्या स्वभावाला शोभणाराच होता. इतर नॅनोस्फटिकांवर लिगँड, म्हणजे पृष्ठभाग धरून राहणारे हे रेणू, वरून येऊन चिकटतात. तू तसं केलं नाहीस. एक प्रोटॉन उचलून तू ओलेइलअमोनियम झालास, पृष्ठभागावरच्या सीझियमला उठवलंस आणि त्याच्या जागेवर स्वतः बसलास. बसल्यावर शेजारच्या ब्रोमाइडांशी तीन हायड्रोजन बंध जोडून जागा पक्की केलीस. मालकाला बाहेर काढून त्याच्याच खोलीत बस्तान मांडणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

बरं, जागा बळकावलीस; ती बळकावून केलंस काय?

स्फटिकावर प्रकाश पडला की आत एक इलेक्ट्रॉन उचलला जातो आणि मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. सौरघट हवा असेल तर या दोघांनी एकमेकांना गाठायच्या आत वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायला हवं. दिवा हवा असेल तर उलट, दोघांना बाहेरून आत आणायला हवं. दोन्ही कामांत स्फटिकाची वेस ओलांडावी लागते. आत सगळं सुरळीत आहे. आयसर पुण्यातच पंकज मंडल यांच्या गटाने २०१६ साली टेराहर्ट्झ किरणांनी सीझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांमधली भारांची गतिशीलता मोजली. ती आली सुमारे ४५०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. हाताच्या बोटाएवढ्या कुपीतल्या द्रावात, तेही रसायनांनी बनवलेल्या स्फटिकात, एवढा आकडा मिळणं ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती आमच्या महाराष्ट्रात मोजली गेली हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

आणि हे घन काचेवर पसरून थर केला की? अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत २०१७ साली सीझियम लेड आयोडाइडच्या नॅनोस्फटिकांच्या थरात हीच गतिशीलता मोजली, ती त्याच एककात होती ०.२३. पदार्थ वेगळा, मोजण्याची रीत वेगळी. टेराहर्ट्झला स्फटिकाच्या आतलीच धाव दिसते, थरातल्या मोजणीत घनावरून घनावर उडी मारावी लागते. म्हणून दोन आकड्यांचा सरळ भागाकार मी करणार नाही. पण एकीकडे हजारांत आणि दुसरीकडे पावाच्या आसपास असा फरक पडतो, तेव्हा मधल्या उडीतच पाणी मुरतंय हे सांगायला विद्वान लागत नाही. त्या उडीच्या जागी तू आहेस.

तुझी शेपटी ताणली तर सुमारे २ नॅनोमीटर लांब. शेजारच्या घनाचीही शेपटी समोरून येते, दोन्ही एकमेकांत घुसतात आणि दोन घनांमध्ये दोन-तीन नॅनोमीटरची तेलकट फट राहते. या फटीतून विद्युतभार चालत जाऊ शकत नाही. तुझी साखळी पक्की विद्युतरोधक आहे. विद्युतभाराला टनेलिंग करूनच, म्हणजे अडथळ्यातून आरपार निसटूनच, पलीकडे जावं लागतं आणि टनेलिंगचा नियम निर्दय आहे. तुझ्यासारख्या साखळीत अंतर एक अँगस्ट्रॉमने, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने, वाढलं की पलीकडे जायचा वेग जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. पुढच्या अँगस्ट्रॉमला त्याचा तिसरा हिस्सा, पुढे त्याचा. एक पूर्ण नॅनोमीटर वाढला की वेग हजारो पटींनी पडलेला असतो. तू घेतलेली जागा इतकी थोडी आहे की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार नाही, पण तिची किंमत हजारो पटींत मोजावी लागते. दोन-तीन कार्बन कमी असते तरी केवढा फरक पडला असता! तू अठरा घेऊन बसलास.

आता तुझ्या सर्वांत मोठ्या लबाडीबद्दल. तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शिकणाऱ्या मुलांची दिशाभूल तिथे होते.

कुपी झगझगली की लोक टाळ्या वाजवतात. नव्वद टक्के प्रकाश परत देणारा स्फटिक म्हणजे उत्तम स्फटिक, असं समीकरण बसलं आहे. पृष्ठभागावर सापळे नाहीत, भार कुठे वाया जात नाहीत, एवढं त्यातून खरंच कळतं. पण त्यातून हेही कळतं की इलेक्ट्रॉन आणि होल बाहेर न जाता आतच एकमेकांना भेटले आणि प्रकाश होऊन संपले. दिव्याला हे चालतं. सौरघटाला, प्रकाशाने रासायनिक क्रिया घडवणाऱ्यांना हे चालत नाही. त्यांच्यासाठी झगझगाट म्हणजे न वसूल झालेली रक्कम. त्यांना कुपी मंदावलेली हवी असते. भार पलीकडे गेला म्हणून मंदावलेली.

इथेच डोळा फसतो. भार पलीकडच्या रेणूकडे गेला तरी उजेड कमी होतो आणि भार पृष्ठभागावरच्या एखाद्या मोकळ्या जागेत अडकून वाया गेला तरी उजेड कमी होतो. नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखेच. ते वेगळे ओळखायला पिकोसेकंदांच्या लेसरने भाराचा माग काढावा लागतो. तो काढला गेला आहे. अमेरिकेत एमरी विद्यापीठात तियानछुआन लियान यांच्या गटाने २०१५ साली सीझियम लेड ब्रोमाइडच्या या स्फटिकांजवळ बेंझोक्विनोन ठेवला, तर इलेक्ट्रॉन ६५ पिकोसेकंदांच्या अर्धायुष्याने त्याच्याकडे गेला. फिनोथायझिन ठेवला तर होल ४९ पिकोसेकंदांत. एक लाख कोटी पिकोसेकंद मिळून एक सेकंद होतो. स्फटिक किती तत्पर आहे पाहा. समोर घेणारा रेणू अगदी जवळ पोचू शकला तर स्फटिक क्षणाचाही विलंब लावत नाही. विलंब सगळा तुझ्या बाजूचा.

तू आता म्हणशील, मी नसतो तर हे घन एकमेकांना चिकटून लगदा झाले असते. खरं आहे. मोकळे घन एकमेकांत मिसळतात, मोठे होतात, मग ना तो रंग उरतो ना तो गुण. तू म्हणशील, मी निघून गेलो की पृष्ठभागावर भोकं पडतात. तेही खरं, आणि तुझं निघून जाणं हा तुझ्यावरचा दुसरा आरोप आहे. तुझी आणि ओलेइक आम्लाची मिलीभगत अशी की पृष्ठभागावर एक धनभारित, एक ऋणभारित होऊन बसता आणि संधी मिळताच प्रोटॉनची देवाणघेवाण करून दोघेही तटस्थ होता आणि हात झटकून द्रावात निघून जाता. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली एनएमआरने ही तुमची ये-जा पकडली.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर हे रोज घडतं. स्फटिक साफ करायला मिथाइल ॲसिटेटसारखा विद्रावक घालतात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तळाशी पिवळसर गोळा बसतो, वरचा द्राव ओतून टाकतात, हेक्झेन घालून गोळा परत विरघळवतात. पहिल्या धुण्याला झगझगाट टिकतो. दुसऱ्या धुण्याला जरा मंदावतो. आणखी एकदा धुवायला गेलं की गोळा तळाशीच चिकटून राहतो, हलवला तरी सुटत नाही, जांभळ्या दिव्याखाली मळकट दिसतो. ठेवावं तर वीज जात नाही, काढावं तर स्फटिक मरतो. तू कामगाराला ओलीस धरलं आहेस आणि त्यावर आपलं महत्त्व वाढवलं आहेस.

पण तुझ्यावाचून अडतं हा समज आता राहू देऊ नकोस. नानचिंगच्या संशोधकांनी २०१७ साली हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट वापरून तुझी गर्दी नेमकी किती कमी करायची ते ठरवलं आणि हिरव्या दिव्याची कार्यक्षमता पन्नास पटींनी वाढून ६.२७ टक्क्यांवर गेली. स्फटिक तोच, दिवा तोच. फक्त तू कमी झालास. सौरघटांत २०१६ साली आयसर पुण्याच्या अभिषेक स्वर्णकार यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर मिथाइल ॲसिटेटने तुला मोजून-मापून उतरवलं, सीझियम लेड आयोडाइडचे काळे स्फटिक पिवळे न पडता टिकवले आणि १०.७७ टक्के कार्यक्षमता व १.२३ व्होल्ट मिळवले. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेत थरावर फॉर्मामिडिनियम आयोडाइड फिरवलं, गतिशीलता ०.२३ वरून ०.५० झाली आणि कार्यक्षमता १३.४३ टक्के. २०२० साली क्वीन्सलँडमध्ये १६.६, २०२४ साली दक्षिण कोरियात १८.१. हा चढता आलेख म्हणजे तुझ्या हकालपट्टीचा इतिहास आहे. झुरिकवाल्यांनी तर तुझ्या जागी असे रेणू आणले ज्यांच्या एकाच अंगावर धन आणि ऋण दोन्ही भार असतात. त्यांना प्रोटॉन देऊन पळता येत नाही. तुझ्यापेक्षा ते शहाणे.

म्हणून माझं म्हणणं असं. पृष्ठभाग उघडा ठेवून चालणार नाही हे मला मान्य आहे. पण पृष्ठभागावर जो बसेल तो आखूड हवा, घट्ट धरणारा हवा, मोकळ्या जागा भरणारा हवा, आणि भार जायच्या वेळी बाजूला होणारा हवा. या चार कसोट्यांना तू पुरा उतरत नाहीस. स्फटिक जन्मतो तेव्हा तुझी गरज आहे. तो कामाला लागतो तेव्हा नाही. ही वेळेची शिस्त तुला कधी कळली नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आमच्या गावाची आहे. तुला धुऊन काढायचं तर विद्रावक लागतात, हेक्झेन, ॲसिटेट, आणि त्या धुण्यात शिसं उतरतं. प्रयोगशाळेत ते एका बाटलीत मावतं. कारखान्यात ते टँकरने मोजावं लागेल. आम्ही वालधुनीच्या काठचे लोक आहोत. काकोळ्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी अंबरनाथ-उल्हासनगरातून जाते आणि तिचं पाणी कुठल्या कारखान्याने कुठला रंग सोडला ते सांगत आलेलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टँकरने रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरच्या शेकडो माणसांना रात्रीत रुग्णालयात न्यावं लागलं. तुला धुऊन काढलेला द्राव त्या नदीत येता कामा नये. पेरोव्स्काइटचा कारखाना उद्या आमच्या एमआयडीसीत आला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन, पण शिसं परत मिळवण्याची सोय पहिल्या दिवशी हवी, तपासणीची नोटीस आल्यावर नको. ज्यांनी जुन्या रसायनांचं ओझं अंगावर वाहिलं त्यांना नव्या रसायनाला अट घालायचा हक्क आहे.

उल्हासनगर आणि बदलापूरच्या कॉलेजांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींना शेवटचं सांगतो. पुढे तुमच्यापैकी कुणी पवईला जाईल, कुणी पाषाणला, कुणी परदेशी. कुणी झगझगती कुपी दाखवली तर मान डोलवा, आणि लगेच विचारा : पृष्ठभागावर कोण आहे, तो किती लांब आहे, त्याला काढल्यावर स्फटिक टिकतो का, आणि भार किती पिकोसेकंदांत बाहेर पडला? या चार उत्तरांशिवाय कुपीला गुण देऊ नका.

आणि ओलेइलअमाइन, तुझा निकाल असा : फ्लास्क तापलेला असेल तोवर तू आत. थर पसरायच्या आधी तू बाहेर.

अंबरनाथ पूर्वेचा एक रसायनवाला